अहमदपूरला हाफ टाइम

मी नांदेडचा आणि सासुरवाड लातूरची. हा संसार इतकी वर्षं टिकला, कारण घरात विभागीय आयुक्तालयाचा विषय काढायचा नाही असा आमचा अलिखित ठराव आहे. २००९ च्या जानेवारीत ते कार्यालय नांदेडला द्यायचं सरकारनं ठरवलं, त्या रात्री बायकोनं स्वयंपाक केला, पण वाढला नाही. पुढं आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि इतक्या वर्षांनी परिस्थिती अशी की नांदेडकर आणि लातूरकर दोघंही गुण्यागोविंदानं छत्रपती संभाजीनगरची एसटी पकडतात.

अशा नाजूक घरात परवा मेव्हण्याचा फोन आला. तो पोराकडं ह्यूस्टनला तीन महिने राहून आलाय.

“दाजी, तिथं एक स्टेडियम बघितलं. वरून झाकलेलं.”

“झाकलेलं म्हणजे?”

“डाल्याखाली कोंबड्या झाकतो बघा आपण, तसं. फक्त कोंबड्या सत्तर हजार.”

आत एसी. बाहेर आपल्या मे महिन्यासारखं ऊन आणि आत लोक जाकीट घालून बसलेले. खेळाचं नाव फुटबॉल, पण त्यात पायाचं काम काय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बॉल काखेत मारून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला लोळवायचं. “आपल्या रामलिंग मुदगडची पोरं नेऊन सोडली असती तर दुपारपर्यंत कप घेऊन आली असती,” असं त्याचं मत. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार ज्या गावचे, त्या गावाबद्दल असं बोलायचा लातूरकराला हक्क आहे, म्हणून मी गप्प बसलो.

एवढंच सांगितलं, की बाबा, हा खेळ आपल्याकडं येऊन गेलाय. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा निघाली होती. त्यात पुण्याच्या संघाचं नाव होतं पुणे मराठाज. सामने झाले कोलंबोत. जुन्या मराठ्यांनी अटकेपार झेंडा नेला, यांनी समुद्रापार नेला, पहिलं अजिंक्यपदसुद्धा मारलं, आणि खुद्द सदाशिव पेठेत कुणाला पत्ता लागला नाही.

“ते मरू द्या. आपल्या लातूरला एक घुमट पाहिजे.”

“लातूरलाच का?” मी विचारलं, आणि तिथं चुकलो. फोनचा स्पीकर चालू होता.

मग जे व्हायचं ते झालं. नांदेडची बाजू मी मांडली. आमच्याकडं श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं स्टेडियम आहे, त्यांच्याच नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा आहे. विमानतळ आहे, विमान आहे की नाही ते त्या दिवशीचा पेपर बघून सांगावं लागतं, पण विमानतळ आहे. राहता राहिला घुमट. सचखंड हुजूर साहिबचा सोन्याचा घुमट असताना त्याच गावात पत्र्याचा दुसरा उभा करायचा आगाऊपणा नांदेडकर करणार नाही, हे मात्र मला मान्य करावं लागलं.

“आमच्याकडं गोलाई आहे,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

याला उत्तर नव्हतं. गंजगोलाई म्हणजे छत घालायचं राहून गेलेलं स्टेडियमच. गोल इमारत, मधोमध जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते. सोळा दरवाजांना सोळा बाजारपेठा जोडलेलं स्टेडियम अमेरिकेनंही अजून बांधलेलं नसावं. बॉल बाहेर गेला तर कुठल्या लाईनीत गेला यावरून पंचांनी निर्णय द्यायचा. भुसार लाईनीत गेला तर थ्रो-इन, कापड लाईनीत गेला तर भाव करून परत घ्यायचा, आणि सराफ लाईनीत गेला तर तो परत येत नाही, नवा बॉल काढायचा.

“आणि प्रोफेशनल खेळासाठी लातूरनं काय केलं ते पण लिहा तुमच्या पेपरात,” मेव्हणा म्हणाला. लिहितो. लातूरचं योगदान दोनदाच झालंय, पण दोन्ही वेळा देशाला दखल घ्यावी लागली.

पहिलं २०११-१२ चं. बाभळगावचे विलासराव देशमुख मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर ११६ कसोटी खेळलेले दिलीप वेंगसरकर. निवडून आले एकही कसोटी न खेळलेले विलासराव, कारण ही कसोटी वेगळी होती आणि तिचा सराव लातूरला लहानपणापासून होतो. पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, आयपीएलच्या सामन्यानंतर वानखेडेवर वादावादी झाली आणि विलासरावांच्या असोसिएशननं शाहरुख खानला पाच वर्षं मैदानात पाऊल ठेवायला बंदी घातली. ज्याच्या मालकीची टीम आहे त्याला दाराबाहेर उभं करणारा गडी लातूरचा होता.

दुसरं २०१६ चं, आणि ते सांगताना हसू जरा आवरावं लागतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घागरी घेऊन रांगेत उभं राहण्याच्या त्या दिवसांत गावात जमावबंदी होती, टाकीजवळ पाच माणसं जमायची नाहीत. दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मैदानांना साठ लाख लिटर पाणी लागेल असा हिशेब याचिकेत मांडला होता. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी पंचवीस लाख लिटरची, म्हणजे जवळजवळ अडीच गाड्या पाणी नुसतं गवताला. अंतिम सामना मुंबईचा बंगळुरूला गेला. मुंबई इंडियन्सनी आपलं घर विशाखापट्टणमला हलवलं, लातूरकर मात्र घर न हलवता राहिले. वर रेल्वेनं त्या पाण्याचं चार कोटींचं बिलही पाठवलं. ज्या जिल्ह्यात आयपीएलचा एक सामना कधी झाला नाही, त्यानं डझनभर सामने राज्याबाहेर घालवले. असा विक्रम दुसऱ्या कुठल्या गावाच्या नावावर असेल तर कळवा.

नांदेडचं काय, असं तुम्ही विचारण्याआधी सांगतो. आमचं फुटबॉलचं वैभव राज्य बदलताना एसटीत राहिलं. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईत येऊन रोव्हर्स कप उचलला, तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो. म्हणजे ते पोलीस आमचेच. त्यांना घडवणारे सय्यद अब्दुल रहीम आमचेच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम साहेबांच्या संघानं ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. अशी वेळ पुन्हा कधी आली नाही. मुहूर्त काढणारा कोण होता, त्याचा पत्ता अजून शोधतोय.

मेव्हण्यानं यात एक खोच काढली. “दाजी, त्या मॅचमध्ये तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. म्हणजे आपण ज्या राज्यात गेलो, त्याचाच.” खरंय. कोच जुन्या राज्यात राहिला, हॅट्ट्रिक नव्या राज्यात झाली, आणि आम्ही मधल्या बसस्टँडवर ट्रंका सांभाळत बसलो.

तिथनं पुढं फुटबॉल आमच्या बाजूनं दोनदा गेला, पण थांबा घेतला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ला सुरू झाली. मालकांत हृतिक रोशन, मैदान बालेवाडीचं. पाच वर्षांत टीम मोडली आणि २०१९ मध्ये तिची इंडियन सुपर लीगमधली जागा, खेळाडूंसकट, हैदराबादला गेली. पुण्याहून हैदराबादला जाणारा माणूस सोलापूर-उमरगा करत जातो. उमरग्याहून लातूर किती लांब ते कंडक्टरला विचारा. एखादा गोलकीपर चहाला तरी वळला असता. हैदराबाद एफसीनं २०२२ मध्ये विजेतेपद मारलं, तेही गोव्यात, मडगावला. आणि २०२५ मध्ये या टीमचं बिऱ्हाड दिल्लीला हललं. आता तिचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. अकरा वर्षांत तीन शहरं. बदलीच्या नोकरीतल्या तलाठ्यालासुद्धा एवढं फिरवत नाहीत. दिल्लीला जायचंच होतं तर नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस रोज सुटते, तिची तरी चौकशी करायची.

मेव्हण्याचं म्हणणं, आपल्याकडं घुमट नाही म्हणून टीम थांबत नाही. मग मी दोन रात्री जागून घुमटांचा अभ्यास केला.

पहिला मोठा घुमट त्याच्या पोराच्याच गावातला, ह्यूस्टनचा ॲस्ट्रोडोम, १९६५ चा. आत खरं गवत वाढावं म्हणून छताला पारदर्शक पट्ट्या बसवल्या. त्यातनं उन्हाची अशी तिरीप यायची की बेसबॉलच्या खेळाडूला डोक्यावरचा झेल दिसेना. म्हणून पट्ट्यांना रंग फासला. ऊन बंद झालं, झेल दिसायला लागला आणि गवत मेलं. उरलेला हंगाम त्यांनी वाळलेल्या गवताला हिरवा रंग मारून काढला. मी हे वाचलं आणि अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आमच्याकडं पाहुणे वृक्षारोपणाला येतात तेव्हा आदल्या रात्री हेच चालतं. पुढच्या वर्षी त्यांनी प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्याला घुमटाचंच नाव दिलं, ॲस्ट्रोटर्फ. एवढं करून त्यात खेळणारी ऑयलर्स नावाची फुटबॉल टीम १९९७ मध्ये टेनेसीला निघून गेली. नव्या टीमला नवं स्टेडियम बांधलं. जुना घुमट त्याच्याच शेजारी कुलूप लावून उभा आहे. मेव्हण्यानं तिथं काढलेल्या फोटोत त्याच्या डाव्या कानामागं दिसतो तो तोच.

सेंट लुईस गावानं तर टीम यावी म्हणून आधीच घुमट बांधायला काढला. रॅम्स नावाची टीम १९९५ ला आली, २०१६ ला गेली, आणि घुमटाचे हप्ते मागं राहिलेली जनता भरत बसली. डेट्रॉइटजवळच्या पॉन्टियाकचा सिल्व्हरडोम १९७५ ला साडेपाच कोटी डॉलरला बांधला आणि टीम गेल्यावर २००९ मध्ये सहा लाखांच्या आत विकला. २०१७ मध्ये पाडायला सुरुंग लावले, मोठा आवाज झाला, धूर उठला, आणि घुमट जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवावा लागला. पहिल्या पावसात सुरुंगाविना बसणाऱ्या बांधकामांचा अनुभव असलेल्या आमच्या ठेकेदारांना हा प्रकार अविश्वसनीय वाटेल.

एक गोष्ट मात्र मी मेव्हण्याला बोललो नाही. लातूरचा माणूस मोठ्या छताखाली शिरला की आधी दार कुठं आहे ते बघतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटेपासूनची ही सवय आहे. ह्यूस्टनच्या त्या डाल्याखालीसुद्धा त्यानं ते बघितलंच असणार. त्याला विचारायची माझी हिंमत नाही.

बरं, घुमट आपल्या राज्यात नाही असंही नाही. मुंबईला वरळीचा डोम आहे. तिथं प्रो कबड्डी झाली, २०१५ ला यू मुम्बानं तिथंच कप मारला. २०१७ च्या सप्टेंबरात पाच-पाच जणांचा फुटसाल झाला, चक्क रोनाल्डिन्हो आणि रायन गिग्ज आणले होते. २०२० मध्ये तिथं करोनाच्या खाटा टाकल्या. आणि ५ जुलै २०२५ ला त्याच छताखाली उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. रोनाल्डिन्होचा पास किती जणांच्या लक्षात आहे सांगता येत नाही, पण त्या गळाभेटीचा रिप्ले अजून चालू आहे. घुमटाला शेवटी चांगला संघ लागतो एवढं खरं.

तर शेवटी घरातल्या शांततेसाठी ठरलं, की पहिला हाफ नांदेडला, दुसरा हाफ लातूरला. मधे सरळ रेल्वे नाही. परभणी-परळीला वळसा घालून खेळाडू आणले तर सामना दुसऱ्या दिवशी संपेल. म्हणून एसटी. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. हाफ टाइम अहमदपूरला. जागा बघायला मी नांदेडहून आणि मेव्हणा लातूरहून निघालो आणि अहमदपूरच्या एका हॉटेलात भेटलो. भिंतीवरच्या टीव्हीत फुटबॉलची जुनी मॅच लागलेली.

“कुणाची हो?” मेव्हण्यानं विचारलं.

“दिल्लीची,” भजी तळणारे मामा म्हणाले. “आधी हैदराबादची होती म्हणं. त्याच्या आधी पुण्याची.”

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मग मागच्या बाजूला हात करून विचारलं, “मामा, हे मोकळं वावर कुणाचं? इथं घुमट बांधायचाय.”

मामांनी झाऱ्या निथळला. “घुमट बांधा न्हाईतर काय बी बांधा. पाण्याचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.”