गाडीवर गोधडी

डिसेंबरात पारा आठ-नऊ अंशांवर उतरला, की नशिराबादला केळीची वाढ थांबते आणि माझ्या विजेच्या गाडीचा पल्ला आखडतो. केळीवरचे उपाय गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. रात्री पाणी द्या, बांधावर ओला कचरा पेटवून धूर करा, घडांना स्कर्टिंग बॅग घाला. गाडीवरचे उपाय कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सगळ्यांनी केळीचेच सुचवले.

"बॅटरी कुठी असते भो?" शेजारच्या नानांनी विचारलं.

"खाली, सीटच्या पोटाशी."

"मंग खालून धूर कर ना!"

चार्जिंगला लावलेल्या गाडीखाली जाळ करणारा माणूस दुसऱ्या दिवशी पेपरात जिल्ह्याच्या पानावर येतो, हे मी त्यांना समजावलं. तेवढ्यात वहिनींनी गोधडी आणून बॉनेटवर पसरली. बॅटरी तळाशी आणि गोधडी माथ्यावर! पण वहिनींची गोधडी परत केली असती, तर पारा दोन घरांच्या मधोमध शून्याखाली गेला असता. गोधडी राहिली.

खरं दुखणं साधं आहे. लिथियम बॅटरीत आयन एका द्रवातून ये-जा करतात. थंडीत तो द्रव दाटतो आणि आयन रेंगाळतात. शून्याखाली जोरात चार्जिंग केलं, तर आत लिथियमचा थर साचून बॅटरी कायमची अधू होऊ शकते. पेट्रोलच्या गाडीला इंजिनाची ऊब फुकटात मिळते, इथे हीटरही बॅटरीच्याच ताटात जेवतो. म्हणून फिरून आल्यावर बॅटरी कोमट असतानाच चार्जिंग लावावं आणि निघण्याआधी, वायर जोडलेली असतानाच, गाडी आतून गरम करून घ्यावी. नॉर्वेत लोक असंच निभावतात. तिथे 2024 साली विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांत जवळपास नऊ विजेच्या होत्या.

"नार्वेत केयी होते का?" नानांनी विचारलं.

"नाही."

"मंग त्याईले काय कयते थंडी?"

पुढचा प्रश्न विम्याचा होता. केळीच्या हवामान विम्यात कमी तापमानाची भरपाई असते. गाडीच्या पॉलिसीत तसा रकानाच नाही, हे ऐकून नानांनी माझ्याकडे नापेर जमिनीकडे पाहावं तसं पाहिलं.

आमची थंडी बॅटरीच्या जिवावर उठत नाही, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही. इथे बॅटरी नुसती कुरकुरते आणि ऊन चढलं की निवळते. तिला म्हातारी करतो तो मे महिना, पारा 45 च्या पुढे नेणारा. पण तेव्हा गाडीची चौकशी करायला कुणी ओट्यावरून उठत नाही.

हे गाऱ्हाणं मी नानांसमोर मांडलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

"उन्हायात केयीच्या बागात लाव. थंडगार राह्यते. फक्त हारन वाजवू नको, घड निसवत असतात."