गिझर पेटत नाही तेव्हा कर्त्या पुरुषाने काय करू नये

गॅस गिझरच्या पोटावर थापटा मारू नयेत. हा नियम पहिला, कारण डिसेंबरातल्या सकाळी फलटणमध्ये, लक्ष्मीनगरापासून कोळकीपर्यंत, सर्वांत आधी तोच मोडला जातो. थापटांचा उपयोग झाला नाही की टॉवेल गुंडाळलेला कर्ता पुरुष निदान जाहीर करतो: थंडीने गॅस गोठला. हे निदान तपासून पाहावे. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. फलटणची थंडी कितीही बोचली तरी शून्याकडे फिरकत नाही. शिवाय स्वयंपाकघरात त्याच गॅसवर चहा उकळलेला असतो, आणि तो पीतपीतच हे निदान मांडले जाते. गॅस निर्दोष सुटतो.

मुळात न पेटणे हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. गिझरच्या काही अटी असतात आणि त्या पुऱ्या होईपर्यंत तो हलत नाही. पाणी पुरेशा जोराने आत आले की रबरी पडदा ढकलला जातो, पडद्यामुळे एक छोटा स्विच दबतो, मग सेलच्या जोरावर ठिणगी उडते आणि गॅसची वाट उघडते. म्हणून तपास कानाने करावा. टिकटिक ऐकू येते पण ज्योत नाही, तर रेग्युलेटर, कॉक आणि सिलिंडरचे वजन पाहावे. टिकटिकच नाही, तर सेल. (रिमोटचे सेल इथे बसत नाहीत, कागदाच्या घड्या कोंबून बसवूही नयेत.) सेल नवे असूनही सामसूम असेल तर पाणी कमी पडते आहे. टाकी न्हाणीच्या छपरावर जेमतेम चार विटा उंच ठेवायची, त्याच वेळी खाली भांड्यांचा नळ सोडायचा आणि वर कंपनीला शिव्या घालायच्या, हे न्यायाला धरून नाही. पाणी जिथून आत शिरते तिथे एक बारीक जाळी असते. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आणि टाकीतला गाळ तिथे साचतो. गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून जाळी काढावी, जुन्या ब्रशने घासावी. निम्मी प्रकरणे इथेच मिटतात. पण घराघरांतला तपास नेमका उलटा चालतो: आधी गॅस एजन्सी, मग कंपनी, मग ज्याने गिझर आणला तो जावई, आणि सर्वांत शेवटी सेल.

यावर ठरलेला आक्षेप येतो की आपला तांब्याचा बंब बरा, त्याला सेल लागत नव्हते. खरे आहे. त्याला माणूस लागत होते, तेही तासभर आधी उठणारे, आणि ते कर्ते पुरुष क्वचितच असत. ओली बाभूळ धूर करते, खाली राख तुंबली की हवा कोंडते, रिकामा बंब पेटवला तर डाग सुटतो, हे सगळे बायकांना ठाऊक होते. त्यावर व्याख्यान देण्याइतका वेळ मात्र त्यांना नव्हता. याच फलटणमध्ये १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारी गॅसिफायर भट्टी विकसित केली. तिथेही प्रश्न तोच: इंधन किती, हवा किती. बंब असो, भट्टी असो वा गिझर, हवा सगळ्यांनाच लागते.

आणि इथे थट्टा पुरे. गार वारा येतो म्हणून न्हाणीच्या झरोक्यात पोते कोंबले असेल तर ते आधी काढा. कोंदट जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस खाली बसतो आणि उठत नाही. काही गिझर ठरावीक वेळाने आपणहून विझतात, ते याच भीतीने. ती सोय तोडून देणारा मेकॅनिक हुशार समजू नये. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

एवढे करूनही मेकॅनिकला बोलावलेच, तर तो साडेदहाला येतो, नळ सोडतो आणि गिझर पहिल्याच दमात पेटतो. यात त्याच्या हाताचा गुण नाही. तोवर भांडी आटोपलेली असतात, टाकी भरलेली असते. तरीही त्याला चहा द्यावा, व्हिजिटचे पैसे द्यावेत आणि फार मोठा फॉल्ट होता असे त्याच्याकडूनच घरात सर्वांसमोर वदवून घ्यावे.