डावी काच

माझी गाडी 2036 साली विंटेज होणार आहे. तोपर्यंत ती नुसती जुनी आहे.

हे माझं मत नाही, सरकारी नियम आहे. 2021 साली आलेल्या नियमानुसार 50 वर्षं ओलांडलेली, मूळ रूपात राहिलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. 20,000 रुपये भरले की नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मात्र मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. हे वाचलं आणि लक्षात आलं, की आमची गाडी गेली वीस वर्षं हा नियम पाळतेच आहे. पेट्रोल आणि दुरुस्ती याखेरीज ती फारशी बाहेर पडलेली मला आठवत नाही.

पंधरा ते पन्नास हा गाडीच्या आयुष्यातला अवघड काळ. पंधरा झाली की दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन ती हयात असल्याचं दाखवायचं आणि वर पर्यावरण कर भरायचा. मी स्वतः 54 चा आहे. वयाच्या अटीत बसतो, मूळ रूपाच्या अटीवर अडतो.

गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. ती युरोपियन आहे असं म्हटलं की कॉलनीतली पोरं हसतात, कारण त्यांनी ती सिनेमात काळी-पिवळी टॅक्सी म्हणूनच पाहिलेली असते. पण मूळची ती फियाट 1100 डी. इटलीत 1962 ला आली आणि चारच वर्षांत तिथल्या लोकांना जुनी वाटायला लागली. कुर्ल्याच्या कारखान्यातून तीच गाडी 2000 सालाच्या आसपासपर्यंत बाहेर पडत होती. चार वर्षांत कंटाळणारी माणसं आमच्या खानदेशात रोजरोज शेवभाजी काय खाणार! तिच्याही आधीचं एक मॉडेल उलट्या दरवाजांचं आणि फुगीर नाकाचं. त्याला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत आणि ते मालकासमोरच म्हणत. मग 1972 ला आमच्या मॉडेलचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि 1974 ला पद्मिनी. आधी राष्ट्राध्यक्ष, मग चितोडची राणी. लोकशाहीतून राजेशाहीत गेलेली दुसरी गाडी मला माहीत नाही.

प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढली. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा गोळ्यांचा कारखानाही त्यांचाच. म्हणजे आमच्या धुळ्याकडच्या माणसाला लहानपणी रावळगावची गोळी आणि मोठेपणी पद्मिनी, चघळायला दोन्ही एकाच घरातून मिळालं. गोळी लवकर संपायची.

मी ही गाडी 2004 साली जळगावात घेतली. मला गाडीतलं कळत नव्हतं, म्हणून अमळनेर तालुक्यातल्या आमच्या थोरल्या काकांना, आबांना, बोलावून घेतलं. आबांनाही गाडीतलं कळत नव्हतं. पण त्यांनी आयुष्यात चाळीसेक बैलजोड्या घेतल्या-विकल्या होत्या आणि चार पायांवर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना आत्मविश्वास होता.

मालक म्हणाला, "सिंगल हँड वापरलेली आहे."

आबा म्हणाले, "येक हातनी? मंग दुसरा हात काय करे, धक्का मारे का?"

मग त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. बैलाच्या अंगावर ठेवतात तसा. बॉनेट कोमट होतं. आबा काही बोलले नाहीत. समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले, दोन चहा प्यायले, तंबाखू मळली. दोन तासांनी उठले आणि म्हणाले, आता चालू कर. विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं असेल तर गार गाडी किती रडते ते कळत नाही, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी एका मिस्त्रीने सांगितलं. आबांना ते बैलबाजारातून माहीत होतं. गार गाडी चोक ओढून, खोकून, चौथ्या फेरीला सुरू झाली आणि मागून निळसर धूर आला. "तेल खास हाई," आबा म्हणाले. म्हणजे ही ऑइल खाते. बरोबर होतं. पांढरी वाफ गेली तर पाणी, काळा धूर गेला तर पेट्रोल आणि निळा गेला तर ऑइल. नंतर त्यांनी बोटाच्या पेराने चारही दरवाजे माठासारखे वाजवून पाहिले. पत्रा टणटणतो आणि लांबी म्हणजे पुट्टी भरलेली जागा मुकी राहते. दोन दरवाजे मुके निघाले. पायाखालचं मॅटिंग उचललं तेव्हा मला खालून मुंग्यांची रांग जाताना दिसली.

मालकाने 30,000 सांगितले होते. आबांनी खिशातून रुमाल काढला, मालकाचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि बाजारातल्या रिवाजाप्रमाणे बोटं दाबून भाव करायला लागले. मालक बँकेतला माणूस. एक अनोळखी म्हातारा रुमालाखाली आपली बोटं का दाबतोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या संकोचातच 8,000 उतरले.

आबांनी एकच गोष्ट बघितली नाही आणि नेमकी तीच बघायची असते. मिस्त्री.

जुन्या गाडीला मालक नसतो, मिस्त्री असतो. आपण मध्ये नुसते पैसे पोचवणारे. युरोपातली जुनी गाडी कमी पैशांत ठेवायची, तर ती किती युरोपियन आहे हे बघून उपयोग नाही. ती किती लवकर खानदेशी होईल हे बघावं. आमची पद्मिनी पहिल्या दोन वर्षांतच झाली. तिच्या वायपरला पाणी नेणारी नळी ठिबकची आहे. जळगावात कुठल्याही प्रश्नावर पहिला उपाय ठिबकची नळी हाच असतो आणि तो सहसा लागू पडतो. हॉर्न ट्रॅक्टरचा आहे, त्यामुळे बायपासवर ट्रकवाले मला बाजू देतात आणि मग आरशात बघून चिडतात.

तिला मिस्त्री दोन. माझं घर जळगावला आणि सासरवाडी धुळ्याला, मध्ये नव्वदेक किलोमीटर. जळगावात चाचा, धुळ्यात अप्पा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे ते ट्रक दुरुस्त करणाऱ्यांचं गाव. अप्पांना ट्रकखेरीज बाकीची वाहनं खेळणी वाटतात. बॉनेट उघडलं की ते पहिलं वाक्य म्हणतात, "कोनी हात लाया इले? जयगावना मिस्तरीनी का?" परत आलो की चाचा बॉनेट उघडून म्हणतात, "धुलिया में किसको दिखाया था?" कार्बोरेटरवर एक छोटा पितळी स्क्रू आहे. तो गेली वीस वर्षं जळगावात अर्धा आटा आवळला जातो आणि धुळ्यात अर्धा आटा सैल होतो. मजुरी दोन्हीकडे मी देतो.

पण दोघांचंही एक बरं आहे. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन त्यांना पाठ आहे. शेतावरचं डिझेल इंजिन ज्याने उघडलंय त्याला ते परकं वाटत नाही. पॉइंट घासून लावायचा, प्लगवरची काजळी काढायची, टॅपेट सेट करायचे. बाकी जे असतं ते दैव.

दैवावरून एरंडोल आठवलं. मे महिना, धुळ्याला मेहुणीच्या दिराचं लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. आमच्याकडे मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो आणि मुहूर्त काढणारे पंचांग बघतात, थर्मामीटर बघत नाहीत. एरंडोलच्या अलीकडे गाडी आचके देत थांबली. यात गाडीचा दोष नाही. ती ज्यांनी आखली त्यांना एरंडोलचा मे महिना माहीत नव्हता. हिचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. उष्णतेने त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. उपाय सोपा आहे. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं गप्प उभं राहायचं. आमच्याकडे फडकं नव्हतं. आहेराची टॉवेल-टोपी होती.

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलकडे पाहिलं. समोर रसवंती होती. तिथून बर्फ आणला, टॉवेलमध्ये गुंडाळून पंपावर ठेवला. "काय व्हयनं भाऊ, बंद पडनी का?" करत सहा-सात माणसं जमली. प्रत्येकाच्या घरी कधीतरी फियाट होती किंवा मामाकडे होती, आणि प्रत्येकाने वेगळा रोग सांगितला. मग सगळ्यांनी मिळून धक्का दिला. आम्ही धुळ्यात पोचलो तेव्हा पंगतीत जिलबी संपली होती. टॉवेल उन्हात वाळला होता. एका कोपऱ्याला पंपाचा गोल काळा शिक्का होता. तो कोपरा आत घडी घालून आम्ही आहेर केला. ज्यांना तो मिळाला त्यांनी आजवर विषय काढलेला नाही, म्हणजे त्यांनीही तो पुढे कुणाला तरी केला असावा.

आता तो रस्ता चौपदरी झाला आहे. छान आहे. पण पूर्वी गाडी पारोळ्याच्या चौकात बंद पडायची, आता गावाबाहेरच्या उड्डाणपुलावर पडते. तिथे धक्का द्यायला ताशी शंभरने जाणारी माणसं थांबत नाहीत. गाडी जुनी ठेवायची तर रस्ताही थोडा जुना लागतो.

आमचे धाकटे मेहुणे या सगळ्याला हसायचे. "दाजी, युरोपियन घ्यायची तर खरी घ्या." त्यांनी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि मेहुण्यांचंही नाही. दोघांनाही पुढे जगायचं आहे. नवी असताना कित्येक एकर कापसाच्या उत्पन्नाएवढी किंमत असलेली ती गाडी दहा वर्षांनी त्यांना बुलेटच्या भावात मिळाली. दरवाजा लावला की तिजोरीसारखा आवाज यायचा. तो आवाज ऐकवायला ते पाहुण्यांना अंगणात न्यायचे. चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. अप्पांनी बॉनेट उघडलं, सगळीकडे काळं प्लॅस्टिकचं झाकण पाहिलं आणि बॉनेट परत लावलं. म्हणाले, "इले कॉम्प्युटरवाला लागी, मी नही." कॉम्प्युटरवाल्याने वायर जोडून एक नंबर सांगितला. त्या नंबराचा भाग पाच दिवसांनी पुण्याहून आला, बसवला, दिवा गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा दिवा लागला. ती गाडी आजही घरी आहे आणि दरवाजाचा आवाज अजून तसाच सुंदर येतो.

त्यामुळे आता कुणी पोरगा विचारतो, "काका, जुनी युरोपियन घेऊ का?" तेव्हा मी नाही म्हणत नाही. मी विचारतो, तुझ्या गल्लीतला मिस्त्री ती उघडेल का? उदाहरणार्थ जुनी डिझेल लिनिआ किंवा पुंटो. फियाटने इथला गाशा गुंडाळला हे खरं. पण त्यातलं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन फियाटचं, आणि तेच इंजिन डिझेल स्विफ्टमध्ये आणि डिझायरमध्ये लाखोंनी बसलं. जळगाव स्टेशनबाहेरच्या टुरिस्ट गाड्यांतही तेच धडधडत होतं. म्हणजे त्या इंजिनाला इथे मिस्त्री आहेत, सामान आहे, शिव्याही तयार आहेत. इंजिन निभावेल. पुढचा दिवा फुटला की मात्र ती पुन्हा इटालियन होते.

पद्मिनीचं सामान मी कुर्ल्याच्या भंगारातून आणि चोरबाजारातून आणत असे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची. 20 वर्षांची मुदत संपली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. पेपरांत हळवे लेख आले. मी मात्र दुसऱ्याच आठवड्यात रिकामी पिशवी घेऊन मुंबईला गेलो. दुःख होतंच, पण किंगपिन स्वस्त झाले असतील असं वाटलं. नव्हते झाले. हळवे लेख भंगारवाल्यांनीही वाचले होते.

आता नवं संकट पेट्रोलचं आहे. त्यात 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्यांना, पंपातल्या पडद्याला ते मानवत नाही. चाचांनी एका वर्षात तो पडदा दोनदा बदलला. एरंडोलला रसवंतीचा बर्फ बाहेरून लावला होता, आता ऊस आतूनच पाजतात.

एवढं सगळं चालतं. अडलंय एका काचेवर. पद्मिनीच्या पुढच्या दरवाजांना एक तिकोनी काच असते. खिटी उघडून आडवी फिरवली की वारा थेट तोंडावर येतो. एसी नसलेल्या गाडीचा तोच एसी. गेल्या वर्षी डाव्या बाजूची काच कॉलनीतल्या क्रिकेटने फोडली. तिथे मी प्लायवूडचा तुकडा बसवला आहे. डाव्या बाजूला सौभाग्यवती बसतात. आणि येत्या मेमध्ये धुळ्याला लग्न आहे.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, खळ्यात पद्मिनीची तिकोनी काच पडली असेल तर कळवावं. पैसे रोख देईन, न्यायला स्वतः येईन, शक्यतो एसटीने. मात्र डावीच हवी. उजव्या माझ्याकडे तीन आहेत.