पोळ्याच्या करीचा बिअर महोत्सव : दोघांसाठी मार्गदर्शिका

यवतमाळ जिल्ह्यातला उघड्या आभाळाखालचा बिअर महोत्सव वर्षातून दोनदा भरतो, होळीच्या करीला आणि पोळ्याच्या करीला. त्याला आयोजक नसतो, तिकीट नसते, फलक तर नसतोच. तरीही श्रावण अमावास्येला तोरण तुटले, झडत्या म्हणून झाल्या, बैल घरोघरी पुजले गेले की दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सकाळी दहाच्या सुमारास दारव्ह्यापासून वणीपर्यंतच्या पांदण रस्त्यांवर दुचाक्यांची वर्दळ सुरू होते. प्रत्येक दुचाकीवर दोघे असतात आणि दोघांच्या मध्ये एक पिशवी असते. पिशवीत काय आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. ती मध्ये ठेवल्याने दिसत नाही, असा समज फक्त त्या दोघांचा असतो.

होळीच्या करीला जमीन कोरडी, शेत रिकामे आणि निमित्त सर्वमान्य असते. तिथे मार्गदर्शनाची गरज पडत नाही. पोळ्याच्या करीला मात्र कपाशी आणि सोयाबीन उभे असते, काळी माती ओली असते आणि आभाळाचा भरवसा नसतो. म्हणून पुढील विवेचन पोळ्याच्या करीपुरतेच आहे.

जगातला या जातीचा सर्वांत गाजलेला उत्सव म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट. तो १८१० साली बव्हेरियाच्या युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून सुरू झाला. म्हणजे मूळ मान जनावराचा, बिअरचा पसारा नंतरचा. पोळ्याचेही तसेच आहे. फरक इतकाच की म्युनिकला पहिल्या पिंपाची तोटी शहराचा महापौर ठोकतो. यवतमाळ जिल्ह्यात उद्घाटन दाताने होते, कारण ओपनर घरी राहिलेला असतो. दाताने बाटली उघडणे ही कला असल्याचे मित्र सांगतो. दंतवैद्याचे मत वेगळे आहे.

जिल्ह्याचे भौगोलिक स्थान महोत्सवाला पोषक आहे. ईशान्येला वर्धा नदी आणि नदीपलीकडे वर्धा जिल्हा. सेवाग्राम आणि पवनारच्या पुण्याईने तिथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. खाली चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत वणी-वरोरा रस्त्यावरच्या पाटाळा पुलाला दोन तीरांपलीकडचाही अर्थ होता. म्युनिकला जसे परदेशी पर्यटक येतात तसे या महोत्सवाला वर्ध्याचे पाहुणे येतात. त्यांना एकच सूचना पुरेशी आहे : प्यायचे ते याच तीरावर, परतताना पुलावरून एकही बाटली सोबत नेऊ नये. यवतमाळ जिल्ह्यातही दारूबंदी व्हावी म्हणून गावोगावच्या महिला वर्षानुवर्षे मोर्चे काढत आल्या आहेत. राज्यात प्रभागातल्या वा गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. त्या मागणीमागची कारणे विनोदाची नाहीत, आणि ती ज्याला समजत नाहीत त्याने महोत्सवाला जाऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४९ च्या कायद्याचे नावच दारूबंदी कायदा आहे आणि पिण्याचा परवाना त्याच कायद्याखाली मिळतो. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा काढता येतो. बिअरसाठी वय २१ पूर्ण लागते, त्याहून कडक दारूसाठी २५. परवाना विचारणारा आजवर कोणी भेटला नाही, असे मित्र सांगतो. मित्राचे सांगणे हा पुरावा नव्हे. शांतता राखण्यासाठी जिल्हाधिकारी सणावाराला दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढू शकतात, त्यामुळे खरेदी करीच्या सकाळी करू पाहणारा माणूस हा महोत्सवातला पहिला बळी असतो.

मित्राची निवड हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. मित्र एकच असावा. तिघे झाले की वर्गणी निघते, आणि वर्गणी निघाली की हिशेब निघतो. मित्राला फोन केल्यावर तो “दोन मिनिटं थांब, येऊनच राह्यलो ना बे” असे म्हणतो. त्या वेळी तो आंघोळीला निघालेला असतो. अनुभवी माणूस या दोन मिनिटांत बर्फ आणून ठेवतो. ज्याच्याकडे वावर आहे तो मित्र उत्तम, ज्याच्या वावरात विहीर आहे तो सर्वोत्तम. ज्याच्या काकाचे वावर आहे त्याच्यापासून सावध राहावे, कारण काकाच्या वावरात काका येतो. तो आल्यावर “काय चालू आहे पोरंहो?” एवढेच विचारतो आणि बसतो. त्यानंतर महोत्सव तिघांचा होतो, वर्गणी मात्र दोघांचीच राहते.

जागा खाजगी मालकीची आणि मालकाला विचारून घेतलेली असावी. धरणाची भिंत, नदीचा घाट, शाळेचे मैदान ही सार्वजनिक ठिकाणे होत आणि तिथे पिणे गुन्हा आहे. निळोणा आणि चापडोह हे जलाशय दिसायला कितीही रमणीय असले तरी यवतमाळ शहर त्यांचे पाणी पिते, हे तिथे बाटली भिरकावणाऱ्याने ध्यानात घ्यावे. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास, तसेच राळेगाव, केळापूर (पांढरकवडा) आणि झरी जामणी या तालुक्यांत दिवस मावळण्याच्या आत उठावे. तिथे न बोलावता येणारा पाहुणा काकाच असेल असे नाही. जागेपर्यंत दुचाकी नेण्याचा हट्टही धरू नये. ओल्या काळ्या मातीत पन्नास पावले गाडी चालवली की चाक आणि मडगार्ड यांच्या मधली जागा भरते, मग उरलेला रस्ता गाडी माणसावर बसून जाते. गाडी डांबरी रस्त्यालगत ओळखीच्या गोठ्यात लावावी आणि धुऱ्याधुऱ्याने काठी आपटत चालत जावे. काठी सापांसाठी आहे. तोल सांभाळायला ती परतताना उपयोगी पडते.

आता थंड करण्याची विद्या. या एका बाबतीत जिल्ह्यात जितके गैरसमज आहेत तितके कापसाच्या भावाबद्दलही नसतील. पहिला गैरसमज विहिरीचा. बाटल्या पोत्यात घालून दोराने विहिरीत सोडल्या की गारेगार होतात, असे वडीलधारे सांगतात. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान साधारणपणे त्या भागातल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतके असते, आणि विदर्भात ही सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरात जाते. पावसाळ्यातल्या तीस अंशांच्या दुपारी विहिरीतून काढलेली बिअर त्यामुळे तीन-चार अंशांनी विनम्र झालेली असते, थंड नव्हे. दुसरा गैरसमज ओल्या फडक्याचा. ओले फडके गुंडाळून वाऱ्यावर ठेवण्याची युक्ती एप्रिलच्या कोरड्या हवेत चालते. श्रावणाच्या शेवटी हवाच ओली असते, फडक्यातले पाणी उडत नाही आणि बाटली नुसती भिजते.

उरतो बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ऐंशी किलोकॅलरी उष्णता शोषतो. ६५० मिलिलिटरची एक बाटली, काचेसकट, तीस अंशांवरून सहा अंशांवर आणायला सुमारे अठरा किलोकॅलरी लागतात. कागदावर एका किलोत चार बाटल्या निघतात. प्रत्यक्षात दोनच धराव्यात, कारण निम्मा बर्फ मित्राची वाट पाहण्यात वितळतो. लादी तरटात गुंडाळून आणावी, वावरात फोडावी आणि बादलीत बर्फाबरोबर पाणीही घालावे. नुसते खडे बाटलीला जिथे टेकतात तिथेच काम करतात, पाणी तिला सगळीकडून वेढते. त्यात मूठभर जाडे मीठ टाकले की ते पाणी शून्याखाली उतरते आणि वीस मिनिटांत काम होते. बादली घरून न्यावी. वावरात पडलेली फवारणीची बादली किंवा ड्रम, कितीही विसळला तरी, या कामाला घेऊ नये. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आहेत.

चखन्यात शेंगदाणे, कांदा, मुगाचे वडे चालतात, पण करीचे खरे जेवण मटण आणि रोडगे. रोडग्यांसाठी जाडसर दळलेली कणीक घट्ट भिजवून, तेलाचा हात लावून तिचे गोळे करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरतात. वर राख ओढून तास-दीड तास विसरून जायचे असते. भाजले की राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. कोरड्या गोवऱ्या घरूनच न्याव्यात. त्या वावरातच मिळतील असे समजणाऱ्याने दोन महिन्यांच्या पावसाचा विचार केलेला नसतो. मटण न खाणाऱ्यांसाठी वांग्याची भाजी आणि वरण आहे, आणि खरे तर रोडग्याला वांगेच अधिक शोभते. स्वयंपाकाला लागणारा वेळ हाच या महोत्सवाचा गाभा होय. चूल फुंकणे, गोवरी सारणे, मिठाचा अंदाज घेणे आणि त्यावरून भांडणे यात तीन तास जातात. त्या तीन तासांत जेमतेम एक बाटली संपते, आणि दिवस छान गेला असे दोघांनाही नंतर वाटते.

बाटली किती, या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे. “बिअर म्हणजे काही दारू नाही” हे विधान वावरात हमखास ऐकू येते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो, म्हणजे साठ-साठचे दोन पेग. शरीराला तो जिरवायला चार ते सहा तास लागतात. लिंबू, दही, रोडगा किंवा विहिरीत उडी यांपैकी कशानेही हा वेळ कमी होत नाही. विहिरीत उडीने तर इतर प्रश्न निर्माण होतात.

संभाषणाचा क्रम ठरलेला आहे. आधी सोयाबीनचा भाव, मग शाळेतले गुरुजी, मग राजकारण, आणि दुपारी साडेतीननंतर “तूच खरा भाऊ”. या शेवटच्या टप्प्यात भागीदारीत म्हशी घेणे, गोव्याला जाणे, एकमेकांच्या मुलांची लग्ने असे ठराव मंजूर होतात. त्यांची चिंता करू नये. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२ नुसार, अटी समजणार नाहीत इतका प्यालेला माणूस त्या अवस्थेत करार करू शकत नाही. म्हशी वाचतात.

परतीचा प्रश्न मात्र कायद्याने असा सुटत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुचाकी एक, माणसे दोन, तेव्हा दोघांपैकी एकाने प्यायची नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. न पिणारा सगळे शेंगदाणे संपवतो, ही तक्रार खरी असली तरी सहन करावी. वर्षात करी दोन असल्याने हिशेब बरोबर जमतो : एकाची होळी, दुसऱ्याचा पोळा. कोणाची पाळी आहे यावर वाद झाल्यास दोघांनीही ताक प्यावे.

निघताना बाटल्या मोजाव्यात. आणल्या तितक्याच पिशवीत परत भराव्यात, फुटलेल्या काचेसकट, झाकणांसकट. मातीत रुतलेली काच पावसाने झाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच तासांतून निंदणाला बाया येतात, बहुतेक अनवाणी. त्यांच्या पायात काच गेली तर तो महोत्सव कोणाचा होता हे सगळ्या गावाला माहीत असते, तेव्हा अंधार पडण्याआधी उठा आणि एकही तुकडा मागे ठेवू नका.