वॅटराव

संगणकाचं काहीही बिघडलं तरी ‘एसएमपीएस गेलाय’ एवढंच निदान करणारा एक गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असतो. घड्याळ मागे पडो, प्रिंटर कागद गिळो, नाहीतर माउसची वायर खऱ्याखुऱ्या उंदराने कुरतडलेली असो, खापर पॉवर सप्लायवरच फुटतं. त्याचं नाव खालच्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत असतंच, पण आपण त्याला वॅटराव म्हणू. वय पंचेचाळीस ते साठ. नोकरी विम्यात, पाटबंधाऱ्यात, फार तर ऑफसेट छपाईत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर. बोलावणं आलं की चहा होण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडलेलं असतं, आणि चहा पिऊन होईस्तोवर दोन स्क्रू हरवलेले असतात.

वॅटरावांचं शिक्षण लॅमिंग्टन रोडवर झालं. या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने तिथे रॅम मागितली तर दुकानदार आयकरवाला समजून शटर ओढेल. १९९० च्या दशकाच्या शेवटी वॅटरावांनी तिथून सुटे भाग आणून आपला पहिला संगणक ‘असेम्बल’ केला. तेव्हा कुणा दुकानदाराने कानमंत्र दिला, की एसएमपीएस डोळ्यांनी नाही, हातात तोलून घ्यायचा. जड तो चांगला. वॅटराव आजही दुकानात दोन्ही हातांत एकेक खोकं धरून डोळे मिटून उभे राहतात. हा मंत्र अगदीच खोटा नाही. हलक्या एसएमपीएसमध्ये ट्रान्सफॉर्मर लहान असतो, उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे पत्रे पातळ असतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असे, ते बऱ्याचदा छापणाऱ्याचं औदार्य असे.

त्यात पुढची काही वर्षं तर वॅटरावांचीच होती. १९९९ ते २००७ च्या सुमारास जगभरच्या मदरबोर्डांत आणि पॉवर सप्लायांत सदोष कपॅसिटर शिरले. वर्षा-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगायची, कडेने तपकिरी द्रव पाझरायचा आणि संगणक आपोआप रीस्टार्ट व्हायला लागायचा. तेव्हा झाकण उघडून फुगलेल्या डोक्यावर बोट ठेवणारा माणूस सोसायटीत देवमाणूस ठरे. दहा घरांत निदान बरोबर आलं. अकराव्या घरापासून त्यांनी झाकणाच्या आत पाहणं सोडलं.

आता सी विंगमधल्या नानांकडे वळू. बँकेतून निवृत्त झाल्यावर नानांनी ऑप्शन ट्रेडिंग सुरू केलं. चार मॉनिटर घेतले: एकावर निफ्टी, दुसऱ्यावर बँक निफ्टी, तिसऱ्यावर ऑप्शन चेन, चौथ्यावर बिझनेसच्या बातम्या, आवाज बंद करून. सकाळी ९:१५ ला बाजार उघडतो, आणि नेमका तेव्हाच नानांचा संगणक रुसायला लागला. कधी बटण दाबूनही चालूच व्हायचा नाही. कधी चालू झाल्यावर मधलाच एखादा मॉनिटर काळा पडून परत यायचा. दुपारी लाइट गेली की यूपीएस असूनही सगळं रीस्टार्ट.

“मॉनिटर किती, नाना?”

“चार.”

“आणि एसएमपीएस?”

“साडेचारशेचा.”

वॅटरावांनी मान हलवली. “अहो, चार माणसांचं घर आणि एका माणसाचा स्वयंपाक!”

उपमा इतकी चपखल होती की नानांनी तिथेच साडेआठशे वॅटला होकार भरला. उपमेत खोट एकच. मॉनिटर या घरात जेवतच नाही. तो स्वतःची वायर घेऊन येतो आणि थेट स्पाइक बस्टरमधून वीज घेतो, चोवीस इंची असेल तर साधारण २० ते २५ वॅट. कॅबिनेटमधल्या एसएमपीएसला त्याचा पत्ताही नसतो. एसएमपीएसवर बोजा पडतो तो चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा. नानांच्या यंत्रात होतं एनव्हिडियाचं टी-६००: चार मिनी डिस्प्लेपोर्ट आणि कमाल ४० वॅट. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. तो जोर आला की त्याहून जास्त ओढतो हे खरं, पण नानांचे आलेख पळवायला एवढं सगळं मिळून दीडशे-दोनशे वॅटच्या पलीकडे जायचं कारण नाही.

तरी साडेआठशेचा आला. खोक्यावर ‘८० प्लस गोल्ड’. काकू आधी नव्या खर्चामुळे गप्प होत्या, गोल्ड वाचून जवळ आल्या आणि म्हणाल्या, “साडेआठशे वॅट म्हणजे लाइट बिल दुप्पट येणार का हो?” वॅटराव म्हणाले, “थोडं वाढेल, पण क्वालिटी आहे.” हेही चूक. एसएमपीएस आतल्या भागांनी मागितली तेवढीच वीज देतो, मागणी नसताना साडेआठशे वॅट ओतत बसत नाही. आणि गोल्ड म्हणजे दर्जाचा हॉलमार्क नव्हे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के उपयोगात आली आणि किती नुसती तापली, याची ती पावती. मूळ ८० प्लस म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या भारावर ९० टक्के गाठावे लागतात. नानांचा संगणक बाजार थंड असताना जेमतेम ६०-७० वॅटवर बसलेला. म्हणजे साडेआठशेच्या आठ टक्क्यांवर. गोल्डची चाचणी जिथून सुरू होते, तिथपर्यंतही तो पोचत नव्हता.

जुना एसएमपीएस वॅटरावांनी ‘टेस्टिंगला’ म्हणून पिशवीत टाकला. त्यांच्या घरच्या माळ्यावर टेस्टिंगला आलेले बरेच जण आहेत.

एक मान्य करायला हवं. नव्या एसएमपीएसबरोबर नव्याच केबली लावायच्या, हे वॅटराव आता न विसरता करतात. सुट्या होणाऱ्या केबलींचं एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. खाचेत बसतं, पण आतल्या तारांचा क्रम निराळा, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क तिथल्या तिथे संपते. ए विंगमध्ये त्यांच्या हातून एक अशी गेली होती. तेव्हाचं निदान: जुन्या एसएमपीएसने जाता जाता मारली.

आणि कधीकधी त्यांचं खरंही ठरतं, म्हणून तर त्यांचं दुकान चालतं. बी विंगमधल्या मुलाने आरटीएक्स ३०८० घेतलं. ३२० वॅटचं कार्ड, जुन्या साडेपाचशेवर. गेम रंगात आला की खटकन सगळं बंद. ही कार्डं क्षणार्धासाठी, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात, आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी मारतात, आणि एसएमपीएसची सुरक्षा घाबरून पुरवठाच तोडते. अशा उसळ्यांसाठीच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात दुपटीपर्यंतचा झटका अगदी थोडा काळ सोसायची तरतूद झाली. तिथे वॅटरावांनी साडेआठशेचा बसवला, दुतोंडी केबल काढून कार्डाला दोन स्वतंत्र केबली दिल्या, आणि मुलाच्या आईने पुरणपोळ्या पाठवल्या.

नानांकडे मात्र काही बदललं नाही. बटण तसंच, काळा मॉनिटर तसाच. वॅटरावांनी विंडोजची घटना-नोंद उघडली आणि त्यांना लाल खुणेसह ‘कर्नेल-पॉवर ४१’ सापडलं. “बघा, पॉवर! यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतंय.” ही नोंद जगात किती जणांना नवे एसएमपीएस घ्यायला लावून गेली असेल कोण जाणे. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता गेला. वीज गेली, यंत्र गोठलं की तुम्हीच बटण दाबून धरलंत, ते तिला ठाऊक नसतं. ती लिहिली जाते पुन्हा चालू झाल्यावर.

गौरी-गणपतीला नानांची पुतणी आली. तिने स्क्रूड्रायव्हर मागितला नाही, एकच प्रश्न विचारला. “काका, मॉनिटर काळा होतो तेव्हा आतला पंखा चालू असतो का?”

“असतो की. फोनवरचं बोलणंसुद्धा त्याच्यामुळे ऐकू येत नाही.”

पंखा फिरत असेल तर एसएमपीएस जिवंत आहे. एकच पडदा जात असेल तर केबल किंवा तो मॉनिटर. चारही जाऊन दोन-तीन सेकंदांत परत येत असतील तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने तो पुन्हा उठवला. निळा पडदा आला तर ड्रायव्हर नाहीतर रॅम. पंख्यासकट सगळं ठप्प झालं, तर मग खुशाल वीज, उष्णता नाहीतर वॅटराव.

तिने संगणक बंद केला. आतला एक बारीक दिवा मिणमिणतच राहिला. मग तिने मॉनिटरच्या केबली एकेक करून उपसल्या. तिसरी निघाली तसा दिवा विझला. डिस्प्लेपोर्टच्या २० व्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, छोटे ॲडाप्टर चालवण्यापुरते. मॉनिटर आणि संगणक जोडणाऱ्या साध्या केबलीत ही पिन जोडायची नाही असा नियम आहे. स्वस्त केबलवाले ती जोडतात, मग मॉनिटर उलटा कार्डात वीज ढकलतो आणि यंत्र ना धड बंद ना धड चालू अशा अवस्थेत अडकतं. ही केबल नानांनी एकावर एक फुकटमध्ये घेतलेली. जोडीची दुसरी सध्या मुलीच्या घरी आहे.

उरला यूपीएस. तो ६०० व्हीएचा, म्हणजे नेहमीच्या हिशोबाने ३६० वॅटचा. व्हीए आणि वॅट हा फरक वॅटरावांना आजही कंपन्यांचा कावा वाटतो. त्यावर संगणक, चारही मॉनिटर, राउटर आणि काकूंचा देवघरातला मंत्र म्हणणारा डबा. बॅटरी चार वर्षांची. मॉनिटरचे वॅट मोजायची खरी जागा ही होती, आणि इथे ते कुणीच मोजले नव्हते. पुतणीने दोन मॉनिटर आणि मंत्रांचा डबा यूपीएसवरून काढून भिंतीवर दिला, बॅटरी बदलायला सांगितली, चांगली केबल मागवली आणि मोदक खाऊन परत गेली.

महिनाभर नानांचा संगणक एकदाही अडला नाही. जिन्यात वॅटराव भेटले, तेव्हा नानांनी भीतभीतच सांगितलं, की तेव्हापासून सगळं सुरळीत चाललंय.

वॅटरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “तुम्हीच घाई करत होता, नाना. नवा एसएमपीएस मुरायला महिना जातोच.”