खोलीची जमाबंदी

संगीतश्रवणाच्या कामी खोली ही केवळ तटस्थ साक्षीदार असते, हा जो सार्वत्रिक समज आहे, तो वरोरसारख्या समुद्रकाठच्या गावी, कौलारू घराच्या 4 मीटर लांबीच्या माजघरात स्पीकरांची जोडी मांडून बसल्यावर फार काळ टिकत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. तेव्हा समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 43 हर्ट्झची आणि तिच्या दुप्पट 86 हर्ट्झची लहर असे काही ठाण मांडते की, खोलीच्या ऐन मध्यावर पहिली जवळजवळ बेपत्ता होते आणि दुसरी माजते. आमची खुर्ची पिढीजाद वहिवाटीने नेमकी मध्यावर. त्यामुळे डग्ग्याची मींड 86 च्या आसपास आली की तबलजी भिंत फोडून घरात येतो की काय अशी धास्ती वाटे, आणि भाच्याच्या लाडक्या बास गिटारची 41 हर्ट्झची जाड तार मात्र कायमची फरारी.

या बेबंदशाहीच्या बंदोबस्तासाठी तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय नावाचा संगणक आणि फिल्टर लावून आवाजाची घटवध करणारी कॅमिलाडीएसपी नामक आज्ञावली यांची नेमणूक झाली. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 1972 साली मांडलेल्या पॅरामेट्रिक पद्धतीत प्रत्येक फिल्टरच्या हुकुमनाम्याला तीनच कलमे असतात: कंप्रता कोणती, फेरफार किती डेसिबलचा, आणि पट्टा किती रुंद. पण हुकुमाआधी मोजणी हवी. ओहोटी पाहून, पंखा बंद करून, खुर्चीत माणसाऐवजी मायक्रोफोन बसवून, 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर मी सोडला. परंतु 1969 पासून अणुवीज निर्माण करणारे तारापूर ज्या गावाच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर आहे, त्या गावात असा सूर निव्वळ शास्त्रीय जिज्ञासेचा मानला जात नाही. "काय रे बाबा, तारापूरचा भोंगा का?" असे विचारीत शेजारच्या काकू अंगणात हजर झाल्या, आणि मोजपट्टावर त्यांचा आवाज समुद्रापेक्षा ठळक उमटला.

86 हर्ट्झवर सहा डेसिबलची कपात फर्मावताच डग्गा मुकाट्याने वठणीवर आला. 43 चे प्रकरण निराळे. माजलेल्यावर कर बसवता येतो, बुडीत खात्याची वसुली मात्र होत नाही: जितका जोर वाढवावा तितक्याच जोराने भिंतीवरून परतलेली लहर तो खोडून काढते, आणि अॅम्प्लिफायर फुकट तापतो. उपाय एकच, खुर्ची हातभर मागे सरकवणे.

हातभर मागे स्वयंपाकघराची वाट आहे आणि त्या वाटेवर आत्याचा अंमल आहे. सबब आता दोन बंदोबस्त लिहून ठेवले आहेत, आणि गाणे न थांबवता एकातून दुसऱ्यात जाता येते. दिवसाचा मध्यावरच्या खुर्चीसाठी. रात्रीचा मागच्या खुर्चीसाठी; त्यात 86 ची कपात सौम्य आहे, आणि आवाज हळू ठेवला की कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिल्यामुळे, खर्जाला थोडी तगाईही मंजूर आहे. 43 हर्ट्झला आमच्या घरी जेवणे उरकल्यावरच प्रवेश मिळतो, तोही दूध विरजणास लावून आत्या स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यानंतर.