काटेकोर

रात्री पावणेदहाच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ चालू गाडीत, समोरच्या भिंतीकडे बघत निश्चल बसलेले दिसले, तर घाबरू नये. नवा वॉचमन पहिल्या दिवशी घाबरला होता. त्यानं काचेवर टकटक केली. आतून उत्तर आलं, "टर्बो निवतोय." टर्बो हे कुणा आजाऱ्याचं नाव असावं असं समजून तो म्हणाला, "वाटेल बरं, साहेब."

हे आमचे काटेकोर. खरं नाव वेगळं आहे, पण टेंपरेचरच्या काट्यावरून त्यांची नजर हटत नाही म्हणून सोसायटीनं केलेलं हे बारसं. गाडी दोन लिटरची, टर्बो पेट्रोल, दोनशेच्या वर घोडे. घाट दामटून आल्यावर टर्बो लालबुंद असतो, लगेच किल्ली फिरवली तर आतलं ऑइल करपतं, म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवावं, हे खरंच आहे. पण काटेकोर नुकतेच कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आलेले असतात.

पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे वाऱ्यावर जाते. हे ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात लोक भावकीनं लाटलेल्या जमिनीबद्दल बोलतात.

आणि गंमत म्हणजे ज्या काट्यामुळे त्यांना हे नाव पडलं, त्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यात चूकही नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन ८० अंशांवर असो की १००, काटा मधोमधच राहतो. मालकाला घोर नको म्हणून कंपन्यांनीच तशी सोय केलेली असते. काटेकोरांना घोर हवा आहे. त्यांनी डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये एक डबी खोचली आणि खरा आकडा मोबाइलवर आणला. तेव्हापासून ते माणसांशीही आकड्यांतच बोलतात. काकू सांगतात, "मागच्या पावसाळ्यात मला १०२ ताप भरला, तर हे म्हणाले, नॉर्मल आहे, अजून पंखासुद्धा लागत नाही."

गाडीत साधं पाणी घालायचं नाही, हा त्यांच्या घरचा कुळाचार. बोअरच्या पाण्याचे क्षार आत साचतात आणि रेडिएटरच्या नळ्या बुजतात, म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. त्यामुळे टँकर आला नाही त्या दिवशी गाडी डिस्टिल्ड पिते आणि घर बोअरचं. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे ते दर रविवारी टूथब्रशनं काढतात. टूथब्रश कुणाचा, हे मी विचारलेलं नाही.

पण तापापेक्षा त्यांना जास्त धास्ती आवाजाची. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं. एकदा भरमसाट तापलं की वाकतं, मग गॅस्केट जातं, कूलंट ऑइलमध्ये मिसळून दुधाळ रबडी होते आणि दुरुस्तीच्या बिलात एखादं छोटं लग्न लागतं. त्यामुळे हेडमधून जरा खुट्ट झालं की यांच्या छातीत धस्स होतं. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टॅपेट दोनचार सेकंद टकटकतात. रात्रभरात उतरलेलं ऑइल वर चढलं की गप्प होतात. तेवढं त्यांनाही मान्य. पण यांच्या गाडीची टिकटिक दिवसभर थांबेना. मग बॉनेट उघडून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ते ऐकू लागले. चेहऱ्यावर भाव असा की आत कुणी मारवा आळवतंय आणि निषाद किंचित उतरलाय.

तीन महिन्यांत तीनदा ऑइल बदललं. आधी पातळ, मग जाड, मग पुन्हा कंपनीनं पुस्तिकेत सांगितलं होतं तेच. जे पहिल्या पानावर लिहिलंय ते तिसऱ्या खर्चानंतर पटणं, हा या जातीचा पक्का गुण आहे. पेट्रोलही महागातलं भरलं. ऑक्टेन कमी पडला तर तापलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आपलं आपण भडकतं आणि खडखडतं, ही त्यांची शंका. शंका शास्त्रशुद्ध होती, पण टिकटिक तशीच.

शेवटी गाडी नाना पेठेतल्या एका मिस्त्रीकडे नेली. मीही सोबत होतो. मिस्त्रीनं चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. म्हणाला, "साहेब, हा टॅपेट नाही, इंजेक्टर आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारतो, तर टिकटिक करणारच. नवी होती तेव्हापासून असणार." काटेकोर हबकले. आजार नाही हे कळल्यावर माणसाला आनंद व्हावा, पण परतताना ते सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी तसेच बसून होते. दुसऱ्या रविवारी स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला. आता ते वॉटर पंपाचं बेअरिंग ऐकताहेत.

यंदा मे महिन्यात ते महाबळेश्वरला निघालेत आणि गाडीत एक जागा रिकामी आहे. कदाचित तुम्हालाही विचारतील. माणूस लाखमोलाचा, गाडी त्याहून, खुशाल जा. फक्त एक गोष्ट सांगून ठेवतो. पसरणी घाटात सुट्टीची रांग लागते, वारा मिळत नाही आणि मोबाइलवरचा आकडा चढू लागतो. टाकीच्या झाकणानं आत दाब धरलेला असतो, त्यामुळे १२० अंशांपर्यंत कूलंट काही उकळत नाही. हे मला काटेकोरांनीच शिकवलंय. पण १०५ ला ते एसी बंद करतात आणि हीटर फुल्ल सोडतात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनची उष्णता तिथून बाहेर पडते. बाहेर म्हणजे तुमच्या पायांवर.

सुती कपडे घाला. पंचा जवळ ठेवा. आणि शक्य झालं तर वाईला उतरून एसटी धरा.